पहिला डाव चढावरचा

उमेदीच्या काळात छावणीतील किंवा कारखान्याच्या वसाहतीतील मैदानावर गोल्फ खेळलेले काही ज्येष्ठ आज मुलाबाळांकडे अमेरिकेत राहावयास जातात. आपण त्यांपैकी एक असाल आणि मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोत असेल, तर एखाद्या सकाळी जावई सहज म्हणतो, "बाबा, लिंकन पार्कला खेळायला जाऊ या." जुनी आवड क्षणात जागी होते. तिला थोड्या पूर्वतयारीची जोड मात्र हवी.

लिंकन पार्क हे शहराच्या मालकीचे अठरा होलचे मैदान आहे. शुल्क भरून येथे कोणीही खेळू शकतो. त्याची लांबी सुमारे ५,१०० यार्ड, म्हणजे पावणेपाच किलोमीटरहूनही कमी. "एवढे तर मी रोज चालतो," असे आपल्याला वाटेल. फसगत इथेच होते. स्कोअरकार्डावर अंतर छापलेले असते, चढउतार नसतात. आणि हे मैदान टेकडीवर आहे.

चढताना हृदय आणि फुप्फुसांवर भार येतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालीत असतात; गुडघ्यांवर दाब वाढतो आणि तोल जाण्याची शक्यताही. चढावर दम लागतो म्हणून आपण थांबतो. उतारावर दम लागत नाही, म्हणून थांबत नाही. म्हणूनच उतारावर अधिक जपावे.

आदल्या आठवड्यात

हृदयविकार, मधुमेह, गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांचा सल्ला प्रथम घ्यावा. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत. त्यामुळे श्रमाचा अंदाज नाडीवरून न घेता बोलण्यावरून घ्यावा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर वेग कमी करावा. घराजवळच्या चढणीवर आठवडाभर थोडे थोडे चालून पाहावे. मैदानावर वेळ राखून ठेवताना गाडीही मागून घ्यावी. नऊ होल कोठे संपतात आणि तेथून परतीचा रस्ता कसा आहे, हेही विचारावे.

त्या दिवशी

या शहरात जुलै-ऑगस्टमध्येही धुके आणि गार वारा असतो. अंगावर एकावर एक पातळ कपडे असावेत. बूट तळाला पकड असलेले हवेत. पाणी थोडे थोडे घेत राहावे. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी वेळेवर खावे आणि साखर किंवा ग्लुकोज खिशात ठेवावे. औषधांची यादी व आरोग्यविम्याचे कागद सोबत्याजवळ द्यावेत.

गाडी उतारावर आडवी नेऊ नये, ती कलंडू शकते. थांबवताना सपाट जागा पाहून ब्रेक लावावा. चेंडू तिरक्या जागी पडला, तर पूर्ण ताकदीने फटका मारण्याचा हट्ट नको. घरगुती खेळात चेंडू उचलून सपाटीवर ठेवला, तर कोणाचे काही बिघडत नाही.

सोबत करणाऱ्यांसाठी

"बाबा, जमेल ना?" असे दर होलला विचारू नये. स्वाभिमानी माणूस "हो" असेच म्हणतो. त्यापेक्षा नवव्या होलनंतर सर्वांनी बसायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे. म्हणजे थांबणे हा कोणाचा पराभव ठरत नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, अकारण घाम, घेरी यांपैकी काहीही जाणवल्यास खेळ तत्काळ थांबवून ९११ वर फोन करावा. "थोडा वेळ पाहू" म्हणून वाट पाहू नये.

लिंकन पार्कची एक मोहिनी आहे. गोल्डन गेट पुलाचे प्रसिद्ध दर्शन घडते ते सतराव्या होलवर, म्हणजे पाय सर्वांत थकलेले असतात तेव्हा. "आता इतके आलो, तर तो पूल पाहूनच जाऊ," हा विचार मनात येणारच. पाय साथ देत असतील, तर अवश्य जावे. नसतील, तर मैदानालगतच्या लिजन ऑफ ऑनर संग्रहालयाच्या परिसरातूनही पूल दिसतो. तेथे मोटारीने जाता येते. लेकीसोबत, शाल पांघरून, निवांत उभे राहून तो पाहावा. उरलेले नऊ होल पुढच्या खेपेस आपली वाट पाहतील.