पाया भरताना पाण्याचा हिशेब



ऊसबिलाचा हप्ता हाती पडला की गावोगाव घरांची कामे निघतात. बरेच जण ठेका न देता घरची माणसे, एखादा गवंडी आणि भाड्याचा मिक्सर एवढ्यावरच पाया भरतात. त्यात गैर काही नाही. पण भिंतीचा तडा निदान दिसतो तरी. फुटिंगमधली खोट मातीखाली गाडली जाते. म्हणून चार गोष्टी सभासदांच्या कानी घालाव्यात असे आम्हांस वाटते. साऱ्यांचे मूळ एकच, पाणी.

पहिली गोष्ट जमिनीची. आपली काळी रान म्हणून चांगली, घराला मात्र वाईट. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर टेकलेले फुटिंग हलवते. "चार फूट खणलं, बास झालं" असे म्हणू नये. पक्का मुरूम लागेतो खणावे. खड्डा बुजवतानाही काळी माती न लोटता मुरूम भरून थराथराने चोपावा. काळी फारच खोल असेल तर इंजिनिअरचा सल्ला घ्यावा.

दुसरी गोष्ट, पाणी कोणते? क्षारपड शिवारातल्या विहिरीचे मचूळ पाणी काँक्रीटला नको. क्षाराने आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. जे पाणी आपण पितो तेच वापरावे. आणि ही तर आपल्या घरचीच गोष्ट. काकवीचे किंवा मळीचे पिंप पाणी साठवायला घेऊ नये. साखर ही सिमेंटची वैरीण आहे. ५० किलोच्या पोत्यामागे १०० ग्रॅम साखर उतरली तरी काँक्रीट वेळेवर धरत नाही, कधी धरतच नाही.

तिसरी गोष्ट, पाणी किती? सव्वा घनफुटाची पेटी करावी. एक पोते सिमेंट, दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी. त्याला पाणी २५ लिटरच्या आसपास. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. "जरा पातळ करा, पटकन उतरतंय" असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. जादा पाणी उडून गेले की आत पोकळ्या राहतात, ताकद घटते. पातळ करण्यापेक्षा व्हायब्रेटर लावावा, नाहीतर गजाने नीट ठासावे. सळई मातीला वा फळीला टेकू देऊ नये; फुटिंगला दोन इंच, कॉलमला दीड इंच कव्हर ठेवावे. रिंगांची टोके आत वळवावीत. ११ डिसेंबर १९६७ ची कोयना आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी आपण विसरलेलो नाही.

चौथी गोष्ट, मागाहूनचे पाणी. फळ्या काढल्या की कॉलमला धुतलेले गोणपाट गुंडाळावे आणि निदान दहा दिवस ते सुकू देऊ नये. उसाची एखादी पाळी लांबली तर पीक थोडेफार सावरते. कोवळे काँक्रीट एकदा वाळले की त्याची ताकद गेली ती गेलीच.

उसाला पाणी मोजून देणाऱ्याला हे अवघड नाही. मिश्रणात हात आखडावा, मागाहून सढळ सोडावा, एवढेच.