शर्यतीच्या मोटारी, वारा आणि नियम

खासबाग मैदानांत कुस्ती पाहावयास गेलेल्या आमच्या वाचकांनीं एक गोष्ट पाहिली असेल. आखाड्यांत उतरलेले मल्ल तांबडी माती उचलून अंगाला चोळतात व प्रतिस्पर्ध्याच्याहि अंगावर टाकतात. घामानें अंग निसटूं नये, पकड नीट बसावी, हा त्यांतील हेतु. आतां समजा, एखादा मल्ल अंगभर तेल चोपडून आंत उतरला, आणि पंचांनीं हटकतांच म्हणाला, "हें तेल मीं थंडी वाजूं नये म्हणून लावलें आहे," तर पंचांनीं काय करावें? हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. मोटारींच्या शर्यतींत हाच प्रश्न गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ गाजत आला आहे. तेथें तेलाच्या जागीं वारा आहे, इतकाच काय तो फरक.

मोटारींच्या शर्यती कोल्हापूरकरांस परक्या नाहींत. आपल्या येथील मोहिते यांच्या धांवपट्टीवर कार्ट नांवाच्या लहान मोटारींच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि कोल्हापूरचे श्री. कृष्णराज महाडिक यांनीं सन २०१७ मध्यें ब्रिटनमधील फॉर्म्युला थ्री मालिकेंत भाग घेतला होता. त्या मालिकेंत सर्वांच्या गाड्या तातूस या एकाच इटालियन कारखान्याच्या असत; त्यामुळें कसोटी मुख्यतः चालकाची. परंतु फॉर्म्युला वन या सर्वांत वरच्या स्पर्धेंत प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः रचतो. तेथें शर्यत धांवपट्टीवर सुरू होत नाहीं. ती कित्येक महिने आधीं नकाशाच्या कागदावर सुरू झालेली असते.

या रचनेंत वाऱ्याला एवढें महत्त्व कां, तें प्रथम पाहूं. वळण घेतांना मोटार बाहेर फेंकली जाऊं पाहते. तिला धरून ठेवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे चाकांची जमिनीवरील पकड. ही पकड वाढवावयाची तर चाकांवरील दाब वाढला पाहिजे. गाडींत दगड भरले तर दाब वाढेल खरा. परंतु गाडीहि जड होईल, आणि जड गाडी वळणावर तितक्याच अधिक जोरानें बाहेर ओढ घेईल. येथें वारा उपयोगी पडतो. पतंग वाऱ्यांत तिरपा धरला म्हणजे वारा त्यास वर उचलतो. विमानाचा पंखहि अशाच रीतीनें विमान उचलून धरतो. तोच पंख उलटा करून मोटारीवर बसविला तर वारा मोटारीस खालीं दाबतो. दाब मिळतो, परंतु ओझें जवळजवळ वाढत नाहीं. आजच्या फॉर्म्युला वन गाडीवर भर वेगांत पडणारा हा दाब तिच्या स्वतःच्या वजनाहूनहि अधिक भरतो.

ही युक्ति प्रथम सुचली, तेव्हांच वादहि जन्मास आला. सन १९५६ मध्यें मायकेल मे या स्विस तरुणानें आपल्या पोर्शे मोटारीवर असा उलटा पंख बसविला व ती जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंग येथील शर्यतीस आणली. मागून येणाऱ्या चालकांची दृष्टि अडेल, असें कारण देऊन अधिकाऱ्यांनीं तो पंख नाकारला. पुढें बारा वर्षांनीं, १९६८ मध्यें, फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर पंख आले, आणि पाहतां पाहतां ते बारीक खांबांवर चढून चालकाच्या डोक्याहूनहि पुष्कळ उंच गेले. ता. ४ मे १९६९ रोजीं बार्सिलोना येथील शर्यतींत लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांचे पंख भर वेगांत मोडले व दोन्ही गाड्या एकाच ठिकाणीं आदळल्या. ग्रॅहम हिल बचावले. योखेन रिंट यांस दुखापत झाली. त्याच महिन्यांत मोनॅको येथें सरावास आरंभ झालेला असतांनाच अधिकाऱ्यांनीं उंच पंखांवर बंदी घातली. पुढें पंखांस पुन्हां मुभा मिळाली, ती अटींवर: पंख ठराविक मापाचा असावा, गाडीच्या धडाशीं घट्ट जोडलेला असावा, आणि वाऱ्यासाठीं लाविलेला भाग हलतां कामा नये.

आतां या शेवटल्या अटीची गंमत पाहावी. सन १९७८ मध्यें लोटस संघानें गाडीच्या पोटाखालीं विशिष्ट आकाराचे बोगदे ठेवून तेथील हवेचा दाब कमी केला, व त्या योगें गाडी जमिनीस चिकटून धांवूं लागली. ब्रॅबम संघाचें इंजिन रुंद असल्यामुळें त्यांच्या गाडीखालीं असे बोगदे बसेनात. तेव्हां त्यांचे रचनाकार गॉर्डन मरे यांनीं गाडीच्या मागें एक मोठा फिरता पंखा बसविला. गाडीच्या पोटाखालची हवा हा पंखा ओढून घेई आणि मागें फेंकी. गाडी जमिनीकडे ओढली जाई. पण हा पंखा तर हलणारा भाग! त्यावर संघाचें उत्तर तयार होतें: पंख्याचें मुख्य काम इंजिन थंड करण्याचें आहे. आणि इंजिन त्यानें थंड होत असे, हेंहि खरें. आमच्या आरंभींच्या मल्लाचें उत्तर वाचकांस येथें आठवेल.

ता. १७ जून १९७८ रोजीं स्वीडनमधील अँडरस्टॉर्प येथें ती गाडी उतरली. गाडी उभी असतां पंख्यावर झांकण घालून तो लोकांच्या दृष्टीआड ठेवीत. निकी लाउडा यांनीं ३४ सेकंदांहून अधिक अंतरानें शर्यत जिंकली. हा पंखा मागच्या गाड्यांवर धूळ व खडे उडवितो, अशी इतरांची तक्रार होती. शेवटीं विजय कायम राहिला, परंतु ती गाडी पुन्हां कधींहि शर्यतींत धांवली नाहीं. अक्षरानें पाहिलें तर तिनें नियम मोडला नव्हता. हेतूनें पाहिलें तर नियमांत कांहीं उरलें नव्हतें.

याच्या उलट दुसरें उदाहरण सन २००९ चें आहे. त्या वर्षीं गाड्यांवरील वाऱ्याचा दाब घटावा व एकमेकांस ओलांडणें सुलभ व्हावें, म्हणून नवे नियम केले होते. गाडीच्या तळास खालून पाहतां भोंक दिसूं नये, असा त्यांतील एक नियम. ब्रॉन, टोयोटा व विल्यम्स या तीन संघांनीं तळाच्या वरच्या व खालच्या पातळ्यांमध्यें उभी फट ठेवली आणि तींतून हवा वरच्या मजल्यावर नेली. फट म्हणजे भोंक नव्हे, असें त्यांचें म्हणणें. फेरारी, रेड बुल व रेनॉ यांनीं तक्रार केली; पंचांनीं ती फेटाळली, आणि ता. १५ एप्रिल २००९ रोजीं अपील न्यायालयानेंहि तोच निर्णय कायम केला. ब्रॉन संघाचे जेन्सन बटन यांनीं पहिल्या सात शर्यतींपैकीं सहा जिंकल्या व अखेर ते जगज्जेते झाले. संघाचे प्रमुख रॉस ब्रॉन यांनीं पुढें असें सांगितलें कीं, नियमांत पळवाटा राहिल्या आहेत हें आपण वर्षभर आधीं इतर संघांस कळविलें होतें, परंतु कोणीं ऐकलें नाहीं. सन २०११ पासून मात्र ती फट बंद करण्यांत आली.

तिसरा प्रकार परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांस चटकन् समजेल. पंख लवतां कामा नये म्हणून अधिकारी उभ्या गाडीच्या पंखावर भार देऊन तो किती वांकतो हें मोजतात. संघ असा पंख करितात कीं, तो परीक्षेच्या भारास ताठ राहतो, आणि वेगांत वाऱ्याच्या भारानें लवतो. मग अधिकारी परीक्षा कठीण करितात. सन २०२५ च्या स्पेनमधील शर्यतीपासून पुढल्या पंखाच्या वांकण्याची मर्यादा १५ मिलिमीटरांवरून १० वर आणली, ती याचसाठीं.

असा वाद मोटारींपुरताच आहे, असें कोणीं समजूं नये. आपल्या कोल्हापूरचे जलतरणपटु श्री. वीरधवल खाडे सन २००८ मध्यें वयाच्या सोळाव्या वर्षीं बीजिंग ऑलिंपिकमध्यें पोहले, त्याच वर्षीं पाण्याचा विरोध कमी करणारा एक नवा पोशाख जगभर गाजत होता. त्याच्या कापडाची परीक्षा अमेरिकेच्या नासा संस्थेंत, वाऱ्याच्या बोगद्यांत झाली होती! पुढल्या वर्षीं रोम येथील जागतिक स्पर्धेंत ४३ विश्वविक्रम मोडले, आणि पोहणारा जिंकला कीं पोशाख, असें लोक विचारूं लागले. ता. १ जानेवारी २०१० पासून असे पोशाख बंद झाले. त्याच वर्षीं नव्या नियमांखालीं ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेंत श्री. खाडे यांनीं ५० मीटर बटरफ्लाय शर्यतींत कांस्यपदक मिळविलें. पोहण्यांतील आशियाई पदक भारतास २४ वर्षांनीं लाभलें. पुढें २०१८ मध्यें जकार्ता येथें त्यांचें पदक सेकंदाच्या अवघ्या शंभराव्या भागानें हुकलें. जेथें एवढ्याशा अंतरावर आयुष्याचे श्रम तोलले जातात, तेथें साधनाविषयींचा नियम ही क्षुल्लक गोष्ट कशी म्हणावी?

मग नवी युक्ति काढणारा दोषी कीं निर्दोष? आमच्या मतें तीन प्रश्न विचारावे. ती युक्ति पंचांपुढें उघडपणें मांडतां येईल काय? तिच्यामुळें कोणाच्या जिवास धोका आहे काय? आणि ती आल्यावर माणसाच्या कौशल्यास कांहीं वाव उरतो काय? यांचीं उत्तरें नेहमीं एकाच बाजूचीं येत नाहींत, म्हणूनच पंच लागतात व न्यायालयें लागतात.

नियम हाहि कांहीं दगडावरची रेघ नव्हे. १९६९ मध्यें पंखाच्या ज्या हालचालीवर बंदी आली, तीच हालचाल पुढील गाडीस ओलांडणें सुलभ व्हावें म्हणून २०११ पासून, मागील पंखाच्या एका पाकळीपुरती, नियमानेंच मान्य झाली; आणि २०२६ च्या नियमांत पुढचा व मागचा असे दोन्ही पंख हलते झाले आहेत. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, बुद्धि चालवावी, खुशाल नवें शोधावें, आणि नियम जुना झाला असें वाटल्यास तो बदलण्याविषयीं मोकळेपणानें बोलावें. मात्र आपल्या यंत्रावर झांकण घालावेंसें वाटूं लागलें, तर क्षणभर थांबून त्याचें कारण स्वतःस विचारावें.