द्विध्रुवी ट्रान्झिस्टर विवर्धकाचे अल्पसंकेत प्रतिमान

अल्पसंकेत प्रतिमान ही ट्रान्झिस्टरच्या मूळच्या अरेषीय वर्तनाला, एका ठरावीक कार्यबिंदूभोवतीच्या लहान चढउतारांपुरते, रेषीय मानणारी विश्लेषण पद्धत आहे. द्विध्रुवी संधी ट्रान्झिस्टरवर आधारित विवर्धकाचा लाभांक, आदान रोध व प्रदान रोध काढण्यासाठी ती वापरली जाते. संकेताचा विद्युत् दाब काही मिलिव्होल्टांच्या आत असेपर्यंतच तिची उत्तरे विश्वसनीय असतात.

इतिहास

जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर तयार केला. विल्यम शॉक्ली यांनी १९४८ मध्ये संधी ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. आज प्रचलित असलेले हायब्रिड-पाय प्रतिमान एल. जे. जियाकोलेटो यांनी १९५४ मध्ये मांडले.

संकल्पना

बेस व उत्सर्जक यांच्यातील विद्युत् दाब वाढला की संग्राहक प्रवाह घातांकी रीतीने वाढतो. सामान्य तापमानाला सुमारे ६० मिलिव्होल्ट वाढीमागे तो दसपट होतो. मात्र या वक्राचा अगदी लहान तुकडा त्या बिंदूवरील स्पर्शिकेशी जवळजवळ जुळतो. म्हणून प्रथम एकदिश प्रवाहाने कार्यबिंदू निश्चित करतात आणि नंतर केवळ चढउतारांचा स्वतंत्र विचार करतात. विद्युत् पुरवठ्याचा दाब बदलत नसल्यामुळे समतुल्य मंडलात पुरवठ्याचे टोक भूमीला जोडलेले दाखवितात.

घटक

स्पर्शिकेच्या उताराला पारसंवाहकता म्हणतात. संग्राहकाच्या एकदिश प्रवाहाला औष्णिक दाबाने, म्हणजे सामान्य तापमानाला सुमारे २५ मिलिव्होल्टांनी, भागले असता ती मिळते. प्रवाह लाभांकाला, म्हणजे बीटाला, पारसंवाहकतेने भागले की बेसकडील आदान रोध येतो. अर्ली दाबाला संग्राहक प्रवाहाने भागले की प्रदान रोध येतो. एनपीएन व पीएनपी या दोन्ही प्रकारांना हेच प्रतिमान लागू पडते. उच्च वारंवारतेला संधींच्या धारिताही विचारात घ्याव्या लागतात.

उदाहरण

समाईक उत्सर्जक विवर्धकात संग्राहक प्रवाह १ मिलिअँपिअर, बीटा १०० व संग्राहकातील रोध ४ किलोओहम मानू. पारसंवाहकता ४० मिलिअँपिअर प्रति व्होल्ट, तर आदान रोध २.५ किलोओहम येतो. प्रदान रोध दुर्लक्षिल्यास दाब लाभांक उणे १६० मिळतो. उणे चिन्हाचा अर्थ असा की आदान दाब वाढला की प्रदान दाब घटतो.

मर्यादा

वरील विवर्धकाला ५ मिलिव्होल्टांचा चढउतार दिल्यास प्रतिमानानुसार संग्राहक प्रवाह दोन्ही बाजूंना २० टक्क्यांनी बदलावयास हवा. प्रत्यक्षात तो सुमारे २२ टक्के वाढतो व १८ टक्के घटतो. चढउतार २५ मिलिव्होल्टांचा झाला, तर प्रतिमान १०० टक्के बदल सांगते. घातांकी नियमाने मात्र वाढ सुमारे १७२ टक्के व घट ६३ टक्के येते. ही असमानता म्हणजेच विकृती होय. उत्सर्जकात १०० ओहमचा रोध ठेवल्यास लाभांक सुमारे ३२ पर्यंत उतरतो. परंतु संकेताचा मोठा भाग त्या रोधावर पडत असल्याने विकृती कमी होते आणि आदान रोध १२.६ किलोओहमपर्यंत वाढतो.

उपयोग

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांवर पडणारे खगोलीय संकेत अत्यंत क्षीण असतात. विवर्धकात कोणत्याही प्रकारचा ट्रान्झिस्टर असो, असे संकेत अल्पसंकेताच्या मर्यादेत सहज बसतात. अडचण येते ती मानवनिर्मित प्रबळ रेडिओ लहरींमुळे. त्या त्याच विवर्धकात शिरल्या तर तो रेषीय राहत नाही आणि मूळ संकेतात नसलेल्या वारंवारता निर्माण होतात. त्यामुळे विवर्धकाचा आराखडा करताना हव्या असलेल्या संकेताबरोबरच त्याच्यासोबत येणाऱ्या सर्वांत प्रबळ लहरीचाही विचार करावा लागतो.