उघडलेले पेन ठेवावे कोठे?

वजन उतरवण्याची इंजेक्शने आता आपल्याकडेही पुष्कळ घरांत येऊ लागली आहेत. मार्च 2025 मध्ये तिर्झेपाटाइड हे औषध 'मौंजारो' या नावाने भारतात विक्रीला आले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' या नावाने आले. लिराग्लुटाइड त्याआधीपासून होतेच. ही औषधे कोणी घ्यावीत आणि कोणी घेऊ नयेत, हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांचा. त्यात मी शिरत नाही. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते एका साध्या, घरगुती गोष्टीविषयी. पेन उघडले, पहिली मात्रा घेतली, आता उरलेले औषध ठेवायचे कोठे आणि किती दिवस?

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? फ्रिजमध्ये ठेवले की झाले! आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक अगदी असेच म्हणाले होते. राहणार वऱ्हाडात, वजन शंभराच्या पुढे, गुडघे कुरकुरत होते. डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केले. पहिला महिना चांगला गेला, जेवण निम्म्यावर आले. दुसरे पेन आणले तेव्हा उन्हाळा लागला होता. दुकानदाराने बजावले, "गुरुजी, थंड ठेवा बरं का." गुरुजींनी ते मनावर घेतले आणि पेन ठेवले बर्फाच्या कप्प्याला लागून असलेल्या ट्रेमध्ये. जितके जास्त थंड तितके चांगले, असा त्यांचा हिशेब.

त्या महिन्यात भूक परत आली. डॉक्टरांनी विचारले, "इंजेक्शन वेळेवर घेता ना?" गुरुजी म्हणाले, "एक वारसुद्धा चुकवला नाही." तेही खरेच होते. पेन ठेवता कोठे, हे मात्र कोणी विचारले नाही आणि गुरुजींनीही सांगितले नाही. औषध कमी पडते आहे असे समजून पुढच्या पेनला मात्रा वाढली. ते नवे पेन दुकानातून आणले त्याच दिवशी टोचले, म्हणजे ते ताजे, पुऱ्या ताकदीचे. त्यानंतर दोन दिवस गुरुजींना पाण्याचा घोटही टिकेना. शेवटी सलाइन लावावे लागले.

मधले पेन गोठलेच होते, हे आता कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण खुलासा तोच दिसतो. आणि सांगायचा मुद्दा असा, की बिघडलेले औषध दर वेळी त्रास देऊन आपली ओळख पटवत नाही. ते मुकाट्याने दुबळे होते. माणूस समजतो की आपल्या शरीरावर औषध चालत नाही, डॉक्टर समजतात की मात्रा कमी पडते, आणि खरे कारण फ्रिजच्या वरच्या खणात पडून असते. ही औषधे हळूहळू चढवायची असतात, पोटाला सवय होऊ द्यायची असते. मध्येच चार आठवडे दुबळ्या औषधात गेले तर ती सवय सुटते, आणि मग पुढची पायरी अंगावर येते.

हे असे का होते? सेमाग्लुटाइड म्हणजे अमिनो आम्लांच्या 31 मण्यांची माळ. तिर्झेपाटाइडची माळ 39 मण्यांची. आपल्या आतड्यात जेवणानंतर जो संदेश देणारा पदार्थ स्रवतो, त्याची ही नक्कल आहे. मूळ पदार्थ रक्तात दोन-तीन मिनिटांतच मोडतो. शास्त्रज्ञांनी माळेत फेरफार करून सेमाग्लुटाइड असे केले की ते निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो. (या औषधांच्या घराण्यातले पहिले औषध 2005 साली अमेरिकेत मान्य झाले, आणि त्याचे मूळ गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडले होते. निसर्गाचे कोठार कोठे उघडेल, सांगता येत नाही.) पण शरीरात इतकी टिकाऊ केलेली ही माळ बाटलीत मात्र नाजूकच आहे. उष्णतेने ती हळूहळू तुटते, उजेडाने खराब होते, आणि गोठली तर तिचे तुकडे एकमेकांना चिकटून गोळे होऊ शकतात. शिवाय पाणी गोठताना फुगते, त्यामुळे पेनातल्या काचेच्या नळीला तडा जाऊ शकतो, आत हवेचे बुडबुडे शिरतात, आणि मात्रा मोजण्याची यंत्रणा बिघडते. म्हणून प्रत्येक कंपनीच्या पत्रकात एकच ताकीद असते: गोठलेले औषध वापरू नका. वितळल्यावर पुन्हा पाण्यासारखे स्वच्छ दिसले, तरीही नाही.

आता थंडीची दुसरी बाजू पाहा. न उघडलेले पेन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे, यात वाद नाही. पण उघडल्यानंतर पत्रकात बहुधा असे लिहिलेले असते, की ते फ्रिजमध्ये किंवा 30 अंशांखाली बाहेर ठेवले तरी चालेल. हे वाचून पुष्कळ जण निश्चिंत होतात आणि पेन टेबलाच्या खणात टाकतात. अहो, पण ते 30 अंश कोणाच्या खोलीतले? डेन्मार्कमधल्या खोलीत वर्षभर तीस अंश क्वचितच होतात. आपल्याकडे मे महिन्यात विदर्भात बाहेरचा पारा 45 च्या आसपास जातो. कौलारू किंवा पत्र्याच्या घरात, दुपारी दारे-खिडक्या बंद केल्यावर आत किती होत असेल, याचा विचार करा. मुंबईत आणि कोकणात पारा इतका चढत नाही, पण तिथे रात्रही फारशी उतरत नाही. उन्हाळ्यात खोली दिवसरात्र तिशीच्या आसपासच राहते. तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. महाराष्ट्रात मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही, उघडलेले पेन फ्रिजमध्येच ठेवा. डिसेंबरात महाबळेश्वरला राहत असाल तर गोष्ट निराळी.

मात्र फ्रिजमध्ये म्हणजे फ्रिजमध्ये कोठेही नव्हे. दार सारखे उघडले जाते, म्हणून दारातला खण उबदार राहतो. अंडी आणि सॉसच्या बाटल्यांशेजारी पेन उभे करू नका. बर्फाच्या कप्प्याखालचा खण आणि मागची भिंत या जागा गोठवणाऱ्या, विशेषतः एका दाराच्या जुन्या फ्रिजमध्ये. मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात पेन ठेवावे. टोपण लावलेले असू द्या, म्हणजे उजेड लागणार नाही. फ्रिजबद्दल शंका असेल तर एक साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून त्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी पाहा. दूध नासत नाही म्हणजे फ्रिज ठीक आहे, ही कसोटी औषधाला पुरत नाही.

किती दिवस, या प्रश्नाचे उत्तर मात्र औषधागणिक वेगळे आहे, आणि इथे गोंधळ फार होतो. मौंजारोचे चार मात्रांचे पेन पहिल्या वापरापासून 30 दिवसांनी टाकून द्यायचे. लिराग्लुटाइडच्या 'सॅक्सेंडा' पेनालाही महिनाच. सेमाग्लुटाइडचे पाहाल तर 'ओझेम्पिक' पेनाला युरोपातल्या पत्रकात सहा आठवडे आणि अमेरिकेतल्या पत्रकात 56 दिवस सांगितले आहेत. औषध तेच, मुदत मात्र त्या त्या देशाच्या नियामकाने मान्य केलेली. आणि अमेरिकेत मिळणारे वेगोव्हीचे पेन पुष्कळदा एकदाच वापरायचे असते, त्यात 'उघडल्यानंतर' हा प्रश्नच उरत नाही. म्हणून मुलाने किंवा पुतण्याने शिकागोहून फोनवर सांगितलेली मुदत तुमच्या पेनाला लावू नका. तुमच्या खोक्यात जे पत्रक घडी घालून ठेवले आहे, तेच तुमच्यासाठी खरे. अक्षर बारीक असते, हे कबूल. नातवंडांकडून वाचून घ्यावे.

आणखी एक. ही मुदत आणि खोक्यावर छापलेली समाप्तीची तारीख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. छापलेली तारीख न उघडलेल्या, नीट थंड ठेवलेल्या पेनाची असते. सुई पहिल्यांदा आत गेली की दुसरे घड्याळ चालू होते, आणि त्या घड्याळाची नोंद तुम्हीच ठेवायची. पेनावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर उघडल्याची व टाकण्याची अशा दोन्ही तारखा शाईने लिहा. औषधाच्या खिडकीवर किंवा मात्रेच्या आकड्यावर पट्टी येऊ देऊ नका, एवढे पाहा.

पेन चालते तितके दिवस कुपी का चालत नाही, असे कोणी विचारील. मौंजारो भारतात प्रथम आले ते एका मात्रेच्या छोट्या कुपीत, 2.5 मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत तेव्हा साडेतीन हजार रुपये होती. एवढे पैसे मोजल्यावर तळाशी राहिलेला थेंब टाकवत नाही, हे मी समजू शकतो. पण अनेक वेळा वापरायच्या पेनात जंतू वाढू नयेत म्हणून फिनॉलसारखे संरक्षक द्रव्य घातलेले असते. एका मात्रेच्या कुपीत ते नसते. बुचातून सुई एकदा गेली की आत काय गेले, ते आपल्याला दिसत नाही. मग ती कुपी फ्रिजमध्ये ठेवली तरी जंतूंची वाढ फार तर मंदावते, थांबत नाही. तो उरलेला थेंब पुढच्या आठवड्यासाठी राखणे म्हणजे काटकसर नव्हे, पोटाच्या कातडीखाली गळू मागवून घेणे आहे. एका कुपीतून दोघांनी घेणे तर नकोच. पेनही कोणाशी वाटून घेऊ नये. सुई बदलली तरी आधीच्या माणसाचे रक्त नळीत मागे आलेले असू शकते.

सुईवरून आठवले. टोचून झाल्यावर सुई पेनाला तशीच लावून ठेवण्याची सवय फार आहे. सुई लावलेली म्हणजे बाटलीचे बूच उघडेच राहिले. पेन थंडीतून उष्णतेत आले की आतला द्रव फुगतो आणि थेंब बाहेर गळतो. पुन्हा थंड झाले की आकसतो आणि हवा आत ओढतो. पुढची मात्रा त्यामुळे कमी भरते, आणि त्या वाटेने जंतूही शिरू शकतात. दर वेळी नवी सुई, आणि टोचल्याबरोबर ती काढायची. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात कोठे घेतात ते विचारून द्या. केराच्या टोपलीत टाकलेली सुई सकाळी कचरा वेगळा करणाऱ्या बाईंच्या हातात घुसते.

वीज गेली तर? घाबरू नका आणि फ्रिजही उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. उघडलेले पेन मग काही तास तिशीच्या आत राहिले तरी बिघडत नाही. वीज रोजच पाच-सहा तास जात असेल आणि घर तापत असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डबीत पेन ठेवता येते. पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून माठातले पाणी गार होते. तीच युक्ती इथे कामाला येते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ती चांगली चालते, मुंबईच्या दमट हवेत जेमतेम. तिथेही थर्मामीटर ठेवून 30 च्या खाली आहे ना, ते पाहूनच विश्वास टाका.

प्रवासात पेन जवळच्या पिशवीत असू द्या. विमानात सामानाबरोबर खाली पाठवू नका, तिथे ते गोठू शकते. बंद मोटारीत किंवा स्कूटरच्या डिकीत ऊन लागले की पाहता पाहता तव्यासारखे तापते. बर्फाची पिशवी घ्यायचीच असेल, तर पेन आधी जाडशा पंचात गुंडाळा. बर्फाला टेकलेले पेन गोठते, आणि आपण पुन्हा गुरुजींच्या ट्रेपाशी येतो.

आणि समजा, पेन गोठले, किंवा दोन दिवस उन्हात राहिले, किंवा द्रव गढूळ, रंगीत, कण असलेला दिसला, तर ते बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा. नवे पेन मिळेपर्यंत काही आठवडे चुकले असतील, तर पूर्वीच्याच मात्रेवर आपण होऊन चढू नका. किती मात्रेपासून पुन्हा सुरुवात करायची, ते त्यांना ठरवू द्या. भूक परत आली म्हणून त्यांच्याकडे जाल, तेव्हा पेन कोठे ठेवले होते, तेही आपण होऊन सांगा.

गुरुजींनी आता पेढ्यांचा एक रिकामा डबा मधल्या फळीवर ठेवला आहे. त्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात दोन तारखा लिहिल्या आहेत, आणि खाली लाल शाईने एक ओळ: "वर सरकवू नये."