आरोपांनंतरची खेळी

नामवंत खेळाडूवर गैरवर्तनाचा आरोप झाला की त्याचा निवाडा तीन ठिकाणी सुरू होतो. एक न्यायालयात, दुसरा खेळाच्या संघटनेत आणि तिसरा प्रेक्षकांत. न्यायालयाला गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. संघटनेच्या शिस्तपालन समितीला त्याहून कमी पुरावा पुरतो, कारण ती कोणाला तुरुंगात पाठवत नाही, फक्त मैदानाबाहेर ठेवते. प्रेक्षकांची कसोटी तर कुठेच लिहिलेली नाही. या तिन्ही निकालांचा मेळ क्वचितच बसतो, आणि एकीकडे सुटलेला खेळाडू दुसरीकडे वर्षानुवर्षे अडकून पडतो.

एस. श्रीशांतचे प्रकरण हा याचा सर्वांत लांबलेला भारतीय नमुना. 2007च्या पहिल्या टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मिस्बा-उल-हकचा झेल घेऊन भारताचे विजेतेपद पक्के करणारा हा केरळचा वेगवान गोलंदाज. 16 मे 2013 रोजी दिल्ली पोलिसांनी त्याला मुंबईत अटक केली. आयपीएलमधल्या त्याच्याच संघाचे, राजस्थान रॉयल्सचे, आणखी दोघे त्याच्याबरोबर धरले गेले, मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण आणि हरियाणाचा अजित चंडिला. पोलिसांचे म्हणणे असे होते, की बुकींशी आधी बोलून गोलंदाजाने एखाद्या षटकात ठरावीक धावा द्यायच्या आणि षटक सुरू होण्याआधी ठरलेली खूण करायची. 9 मे रोजी मोहालीच्या सामन्यात श्रीशांतने कमरेला छोटा टॉवेल खोचला होता, तीच खूण, असा आरोप होता. त्या षटकात 14 किंवा अधिक धावा द्यायचे ठरले होते, असे पोलीस सांगत होते. प्रत्यक्षात गेल्या 13. त्या एका धावेने बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळवून दिला.

आरोपींवर मोक्का लागला. संघटित गुन्हेगारी मोडून काढण्यासाठी महाराष्ट्राने 1999 मध्ये केलेला हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. मोक्का टिकवायचा तर टोळीशी संबंध दाखवावा लागतो, आणि फसवणुकीचे कलम टिकवायचे तर नेमकी कोणाची फसवणूक झाली हे सांगावे लागते. सामनानिश्चितीला थेट गुन्हा ठरवणारा केंद्रीय कायदा देशात नव्हता. जुलै 2015 मध्ये दिल्लीच्या पतियाळा हाउस न्यायालयाने या तिघांसह 36 जणांना आरोपमुक्त केले. साक्षीपुरावे होऊन निर्दोष सुटणे वेगळे आणि आरोपमुक्ती वेगळी. आरोप निश्चित करून खटला चालवण्याइतका आधारही दिसत नसेल, तर आरोपमुक्ती मिळते. सामान्य माणसाच्या हिशेबी प्रकरण इथेच मिटायला हवे होते.

मंडळाने मात्र बंदी उठवली नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सप्टेंबर 2013 मध्येच श्रीशांत आणि चव्हाण यांच्यावर आजीव बंदी घातली होती, आणि फौजदारी खटल्याचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, ही मंडळाची भूमिका होती. 2017 मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी बंदी उठवली आणि दोनच महिन्यांत खंडपीठाने ती पुन्हा कायम केली. अखेर 15 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मधली वाट काढली. शिस्तपालन समितीने दोषी ठरवले ते न्यायालयाने तसेच ठेवले, पण आजीव बंदी ही शिक्षा अवाजवी ठरवून मंडळाला तिचा फेरविचार करायला सांगितले. मंडळाचे लोकपाल न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी ती सात वर्षांवर आणली.

बंदी संपली तेव्हा, सप्टेंबर 2020 मध्ये, श्रीशांत 37 वर्षांचा होता. वेगवान गोलंदाजाच्या हिशेबात हे निवृत्तीनंतरचे वय. जानेवारी 2021 मध्ये तो वानखेडेवर केरळकडून पुदुच्चेरीविरुद्ध उतरला आणि त्याने एक बळीही घेतला. करोनामुळे स्टेडियम रिकामे होते. पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावाची अंतिम यादी आली, तीत त्याचे नाव नव्हते. संघमालकांनी काही कारण दिले नाही आणि त्यांना ते द्यावे लागतही नाही. मार्च 2022 मध्ये तो देशांतर्गत क्रिकेटमधून निवृत्त झाला. कायद्याने खेळायची मुभा मिळते, पण संघात घ्यायची सक्ती कोणावरच नसते. बहुतेक खेळाडूंचे पुनरागमन नेमके इथेच अडते.

2000 सालच्या सामनानिश्चितीच्या प्रकरणातही हेच घडले होते. महंमद अझरुद्दीनने त्या वर्षी मार्चमध्ये बंगळूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 102 धावा केल्या. ती त्याची 99वी कसोटी होती, आणि शेवटचीही. डिसेंबरमध्ये आजीव बंदी आली. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली 2012 मध्ये, म्हणजे शंभरावी कसोटी खेळण्याचे वय उलटून गेल्यावर. लोकांनी मात्र न्यायालयाची वाट पाहिली नव्हती. 2009 मध्येच मुरादाबादच्या मतदारांनी त्याला लोकसभेत पाठवले होते. 2019 मध्ये तो हैदराबाद क्रिकेट संघटनेचा अध्यक्षही झाला. अजय जडेजावरची पाच वर्षांची बंदी 2003 मध्ये उठली, पण भारतीय संघात तो पुन्हा दिसला नाही. समालोचक म्हणून मात्र लोकांनी त्याला सहज स्वीकारले. टीव्हीवर माणूस रोज दिसू लागला की आरोप हळूहळू विस्मरणात जातात, ही आपल्याकडची रीत आहे.

याच प्रकरणात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हान्सी क्रोनिए याने पैसे घेतल्याचे कबूल केले आणि त्याच्यावरही आजीव बंदी आली. जून 2002 मध्ये तो विमान अपघातात मरण पावला. 2004 मध्ये तिथल्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने थोर दक्षिण आफ्रिकी व्यक्तींसाठी लोकमत घेतले, त्यात क्रोनिए अकरावा आला. माफीच्या या कौलात अकाली मृत्यूचा वाटा किती आणि कबुलीचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

कबुलीने काय साधते, हे पाहायला पाकिस्तानचा महंमद आमीर अधिक उपयोगी. ऑगस्ट 2010 मध्ये लॉर्ड्सवर ठरवून नो-बॉल टाकले गेले तेव्हा तो 18 वर्षांचा होता. कर्णधार सलमान बट आणि महंमद आसिफ यांच्याबरोबर तोही अडकला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्याला पाच वर्षे बंदी घातली आणि लंडनच्या न्यायालयाने सहा महिन्यांची कैद सुनावली. न्यायालयात गुन्हा कबूल करणारा तिघांपैकी तो एकटाच. बट आणि आसिफ पुन्हा पाकिस्तानकडून खेळले नाहीत, आमीर जानेवारी 2016 मध्ये परतला. पण आधी संघातच ठिणगी पडली. महंमद हफीज आणि अझर अली यांनी तो असलेल्या सराव शिबिरात जायला नकार दिला आणि मंडळाने समजूत घातल्यावर ते तयार झाले. प्रेक्षकांच्या रागापेक्षा हा विरोध समजायला सोपा आहे, कारण कुठला चेंडू विकला गेला आणि कुठला खरा, हा प्रश्न सगळ्यांत आधी सोबत्यांनाच सतावतो. जून 2017 मध्ये ओव्हलवर, चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात आमीरने रोहित शर्मा, विराट कोहली आणि शिखर धवन या तिघांना 16 धावांत बाद केले. त्यानंतर पाकिस्तानात त्याच्या निवडीवर वाद घालणे अवघड होऊन बसले.

वय, कबुली आणि नंतरची कामगिरी ही तिन्ही कारणे आमीरच्या बाजूने होती. त्यांतली तिसरी सगळ्यांत भारी, असे म्हणावे लागते. मार्च 2018 मध्ये केपटाउनला चेंडू घासण्यासाठी सँडपेपर वापरल्याच्या प्रकरणात ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर वर्षभरासाठी बाहेर गेले. जून 2019 मध्ये विश्वचषकात भारतीय प्रेक्षक स्मिथची हुर्यो उडवू लागले, तेव्हा कोहलीने खुणेने त्यांना टाळ्या वाजवायला सांगितले. दोन महिन्यांनी स्मिथने एजबॅस्टनला दोन्ही डावांत शतके ठोकली, आणि 2021 मध्ये त्याने बदली कर्णधार म्हणून संघाचे नेतृत्वही केले. वॉर्नरवरची नेतृत्वाची आजीव बंदी ऑक्टोबर 2024 मध्ये उठली, तोवर तो आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडून बसला होता.

संघांच्या बाबतीत लोक याहून उदार असतात. संघाधिकाऱ्याच्या सट्ट्यापायी चेन्नई सुपर किंग्ज दोन वर्षे बाद होती. 2018 मध्ये परतली तेव्हा कावेरी आंदोलनामुळे तिचे घरचे सामने पुण्याजवळ गहुंजेला हलवावे लागले, तर चाहते खास रेल्वेने चेन्नईहून पुण्याला आले. त्या वर्षीचा करंडकही तिनेच वानखेडेवर जिंकला. संघाच्या नावाला कपाळ नसते, त्यामुळे डाग चिकटत नाही.

इथवरचे सारे आरोप खेळाशी केलेल्या बेइमानीचे होते. आरोप दुसऱ्या माणसावरच्या अत्याचाराचा असेल, तर मैदानावरच्या कामगिरीने त्याची भरपाई कशी होणार? बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटवर 2003 मध्ये कोलोरॅडोत एका हॉटेल कर्मचारी तरुणीने बलात्काराचा आरोप केला. तिने साक्ष द्यायला नकार दिल्यावर सप्टेंबर 2004 मध्ये खटला मागे घेण्यात आला. कोबीने निवेदन काढून तिची माफी मागितली. संबंध संमतीने होता असे आपण मानत होतो, पण तिला तसे वाटले नव्हते हे आता कळते, असा त्याचा आशय होता. दिवाणी दावा 2005 मध्ये आपसांत मिटला. पुढे 2009 आणि 2010 ची विजेतेपदे मिळाली, 2018 मध्ये ऑस्कर मिळाले आणि कोबी पुन्हा लाडका झाला. तो दोषी ठरला नव्हता, हे खरे. पण त्याच्या या स्वीकारात तक्रारदार बाईला कोणी काही विचारले नाही, हेही तितकेच खरे. उलट्या बाजूचेही उदाहरण आहे. श्रीलंकेचा क्रिकेटपटू दनुष्का गुणतिलका नोव्हेंबर 2022 मध्ये सिडनीत अशाच आरोपाखाली पकडला गेला, मंडळाने त्याला लगेच निलंबित केले आणि सप्टेंबर 2023 मध्ये तो निर्दोष सुटला. निकालाआधीच शिक्षा सुनावण्याची घाईही अन्यायच करते.

आरोप खोडता न येताही माणूस परत येतो, हे मुंबईत वाढलेल्या नरसिंग यादवकडे पाहून कळते. लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी जिंकलेला हा मल्ल 2015च्या जागतिक स्पर्धेतल्या कांस्यपदकाने रिओ ऑलिंपिकसाठी पात्रता मिळवून बसला होता. 2016 मध्ये तो उत्तेजक चाचणीत अडकला. आपल्या अन्नात कोणीतरी भेसळ केली, हे त्याचे म्हणणे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने मानले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने मात्र त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे दाद मागितली. उत्तेजकांच्या नियमात शरीरात काय गेले याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. कोणी घातले हे त्याला सिद्ध करता आले नाही तर सुटका नाही. 18 ऑगस्ट 2016 रोजी, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. 2020 मध्ये ती संपल्यावर तो पुन्हा आखाड्यात उतरला आणि 2024 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. रिओत 74 किलो फ्रीस्टाइल गटात मात्र भारताचा एकही मल्ल खेळला नाही.