पातळ थरांतील विनिमय अभिनती आणि अशुद्धींचे कार्य

पदार्थविज्ञानाच्या अध्यापनात अशुद्धी हा दोष मानण्याची सवय इतकी रूढ आहे की, प्रयोगाचे उत्तर चुकले की पहिला संशय नमुन्याच्या शुद्धतेवर जातो. चुंबकीय पातळ थरांच्या बाबतीत मात्र हा संशय नेहमीच न्याय्य ठरत नाही.

लोहचुंबकीय थर प्रतिलोहचुंबकीय थराला चिकटून असेल आणि ही जोडी चुंबकीय क्षेत्रात थंड केली, तर तिचा हिस्टेरिसिस लूप शून्य क्षेत्राभोवती सममित न राहता एका बाजूस सरकतो. या सरकण्यास विनिमय अभिनती किंवा एक्स्चेंज बायस म्हणतात. मिकलजॉन व बीन यांनी १९५६ मध्ये कोबाल्ट ऑक्साइडचे आवरण असलेल्या कोबाल्टच्या सूक्ष्म कणांत ती प्रथम नोंदविली. पुढे संगणकाच्या हार्ड डिस्कमधील वाचक शीर्षात एका थराची दिशा पक्की ठेवण्यासाठी हाच परिणाम वापरात आला.

कोबाल्ट ऑक्साइडचे नील तापमान सुमारे २९१ केल्व्हिन, म्हणजे १८ अंश सेल्सियस आहे. त्यावर त्याची प्रतिलोहचुंबकीय रचना मोडते आणि अभिनतीही लोपते. पातळ थरांत ती बहुधा त्याआधीच लोपते. वाशिमच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडत असताना, साध्या टेबलावर हा प्रयोग करू पाहणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. उद्योगाने इरिडियम-मँगनीजसारख्या मिश्रधातू निवडल्या, त्यामागे हेच कारण आहे.

खरा पेच निराळा आहे. प्रतिलोहचुंबकात शेजारची परिवलने परस्परविरुद्ध असल्याने एकूण चुंबकन शून्य असते. मग ते शेजारच्या थराला धरून ठेवते कशाच्या बळावर? सीमापृष्ठावरील सर्व परिवलने एकाच दिशेची मानली, तर गणिताने येणारी अभिनती मोजमापाहून सुमारे शंभरपट मोठी भरते. दोन्ही दिशांची परिवलने समसमान मानली, तर ती शून्य येते. सत्य या दोहोंच्या मध्ये, म्हणजे अपूर्णतेत असले पाहिजे. मालोझेमॉफ यांनी १९८७ मध्ये ती अपूर्णता सीमापृष्ठाच्या खडबडीतपणात पाहिली.

इ. स. २००० मध्ये जर्मनीतील आखेन व ड्युसबुर्ग येथील संशोधकांनी याहून धीट प्रयोग केला. त्यांनी सीमापृष्ठालगतचा अगदी पातळ भाग वगळून कोबाल्ट ऑक्साइडच्या थराच्या अंतर्भागात अचुंबकीय मॅग्नेशियम मिसळले. अभिनती घटण्याऐवजी लक्षणीय वाढली. कारण असे की, मॅग्नेशियमचे अणू दोन उपजालकांत कधीच अगदी समसमान वाटले जात नाहीत. छोट्या प्रदेशात एका बाजूची परिवलने उरतात आणि थंड होताना बाह्य क्षेत्र त्या शिलकीला आपल्याकडे वळविते. प्रदेशांमधील भिंती अचुंबकीय अणूंवरून गेल्या, तर तेथे तुटण्यास बंधच नसतात. त्यामुळे भिंत स्वस्तात उभी राहते आणि तेथेच अडकते. गोठलेली ही शिल्लकच लूप सरकविते. अर्थात मात्रा फार वाढविली की नील तापमान उतरते, परिवलनांचे जाळे विरळ होते आणि परिणाम पुन्हा घटतो.

तीच अशुद्धी सीमापृष्ठावर बसली, तर गोष्ट उलटते. दोन थरांमधील विनिमय बंधच कमी होतात. इरिडियम-मँगनीजचा थर अधिक तापविल्यास मँगनीज शेजारच्या थरात झिरपून अशीच हानी करते. म्हणून ‘अशुद्धी किती’ याहून ‘अशुद्धी कोठे’ हा प्रश्न महत्त्वाचा. त्याचे उत्तर शोधण्याचे एक साधन महाराष्ट्रातच आहे. ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीवर ध्रुवित न्यूट्रॉनांचे परावर्तनमापक असून त्याद्वारे थराच्या खोलीनुसार रचना आणि चुंबकन यांचा वेगवेगळा अंदाज घेता येतो.

विदर्भ-मराठवाड्यातील महाविद्यालयांत फेराइटांत परधातू मिसळून अभ्यास करणारे प्राध्यापक थोडे नाहीत. त्यांच्या दृष्टीने धोका निष्कर्षाच्या घाईत आहे. लावलेले क्षेत्र नमुना संपृक्त करण्यास अपुरे पडले, तरीही लूप सरकलेला दिसतो. ती अभिनती नव्हे. नमुना उलट दिशेच्या क्षेत्रात थंड करून पाहावा. सरकणे खरे असेल तर तेही दिशा बदलते. पोलादी चिमट्याने हाताळलेल्या थरावर लोखंडाचा अंश राहतो आणि अतिपातळ थराच्या क्षीण चुंबकनात तो सहज मिसळून जातो. प्लॅस्टिकचा चिमटा स्वस्तात मिळतो.