धान्यातील कीड, घरातील विष

शहापूर व मुरबाड या तालुक्यांत भात हेच प्रमुख पीक. दिवाळीच्या सुमारास कापणी व पुढे मळणी उरकली की भात कणगीत पडते आणि ही कणगी बहुधा राहत्या घरातच असते. सोंडकिडा व उंदीर यांचा उपद्रव येथूनच सुरू होतो.

यावर उपाय म्हणून धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवण्याचा मोह होतो. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच या गोळ्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. फटींतून तो शेजारच्या खोलीत शिरू शकतो आणि त्यावर उतारा नाही. म्हणूनच या गोळ्या शासकीय तज्ज्ञ किंवा मान्यताप्राप्त कीडनियंत्रक यांच्या देखरेखीखालीच वापरण्याचे बंधन आहे. कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यास कीटकनाशक अधिनियम, १९६८ खाली परवाना लागतो. दुकानदार, वसतिगृहे व गृहस्थ यांनी तो पाहूनच काम सोपवावे.

घरापुरते उपाय सोपे आहेत. भात कडक उन्हात वाळवावे, कणगी जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवावी, बिळे बुजवावीत, सापळे लावावेत. ग्रामसभेत व शाळेत एवढे समजावून सांगितले गेले, तर धान्य वाचेल आणि माणसेही वाचतील.